सातेरीच्या घाटातली ढुशी

"पायडलला हात लावलास का?"

"वस्ताद, कार्बोरेटर नवा बसवलाय. गजाचे बुश नवे घातल्यात. स्प्रिंग बदलली..."

"त्ये न्हाई इचारलं मी."

हातातला पाना महिपतीने उगाच या हातातून त्या हातात घेतला.

दस्तगीर वस्ताद बाकड्यावर बसून बशीतला चहा फुंकत होते. शिकलगारांचं घराणं, आजोबा तलवारींना धार लावायचे, वडील कात्र्यांना, आणि हे गाड्यांना लागले. आजऱ्याच्या फाट्यावर पत्र्याची एक शेड, तिथे त्यांचं गॅरेज. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, पण तो काढायला ते तयार नव्हते. बघण्यासारखं पूर्वी होतं, आता काय बघायचं, असं म्हणायचे.

समोर बॉनेट उघडून आमचा ट्रक उभा होता.

आमचा म्हणजे चंद्रभागा टूरिंग टॉकीजचा. तंबू, खांब, पडदा, मशीन, आचाऱ्याची भांडी, सगळं त्या एका ट्रकातून फिरायचं. मी टपावर बसून भोंग्यातून गावोगाव ओरडायचो, आज रात्री या, बायकांना बसायची सोय वेगळी आहे. माझा घसा त्या ट्रकावर गेला. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. आता लोक घरात पाय पसरून टीव्ही बघतात, त्यांना ओरडून बोलवायचं तरी कशासाठी!

ट्रक मात्र खासा होता. कुठल्याशा धरणाच्या कामावर आलेल्या अमेरिकन साहेबांनी तो जाताना मागे ठेवला आणि आमच्या मालकांनी घेतला. पेट्रोलवर चालायचा. नाक लांब, स्टिअरिंग डावीकडे, दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे. आणि त्याला क्लच नव्हता. गिअर तो आपला आपण बदलायचा. खेड्यातली माणसं खिडकीतून डोकावून ड्रायव्हरचा रिकामा डावा पाय बघायची आणि तोंडात बोट घालायची.

चढ लागला की ड्रायव्हरने एक्सलेटर पार तळाला न्यायचा. मग कार्बोरेटरपासून निघालेला एक लोखंडी गज खाली गिअरबॉक्सला ढोसायचा, आणि गाडी गचका देऊन खालचा गिअर घ्यायची. पुस्तकात त्याला किकडाऊन म्हणतात. आमच्या तंबूत त्याला ढुशी म्हणत. गाडीने ढुशी मारली की चढ सरलाच म्हणून समजा.

आता ती ढुशीच बसत नव्हती.

"भाऊ, संध्याकाळपर्यंत काय ते सांगा," हिराक्का वस्तादांना म्हणाल्या.

हिराक्का आमच्या मालकीणबाई. मालक गेल्यावर तंबू त्यांनीच गुंडाळला, स्वतःच्या हाताने. ट्रक तेवढा परड्यात उभा होता. आता ते परडंही सोडायचं होतं. कोल्हापूरचा भंगारवाला दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता.

आणि त्याच वेळी महिपती येऊन उभा राहिला, ट्रक मला द्या म्हणून.

महिपती म्हणजे केरबा ड्रायव्हरचा मुलगा. केरबाने हा ट्रक उभी हयात चालवला. महिपती त्याच ट्रकाच्या हौद्यात, तंबूच्या कापडावर झोपून मोठा झाला. पुढे दस्तगीर वस्तादांच्या हाताखाली शिकला, मग कोल्हापुरात स्वतःचं गॅरेज काढलं. पायांत बूट आले, बोलण्यात ऐट आली. कामात हुशार होता, हे मात्र कबूल केलंच पाहिजे.

हिराक्कांनी त्याला एकच अट घातली होती.

"सातेरीचा घाट चढवून दाखीव. चढला तर तुझ्या बापाचा ट्रक तुझा. न्हाई चढला तर त्यो केरबाचा ट्रकच न्हवं. जाऊ दे उद्या भंगारात."

बाईंच्या बोलण्यात तथ्य होतं. आमचा हंगाम सातेरीच्या जत्रेपासून सुरू व्हायचा. घाट चढायचा, वर देवीला नारळ फोडायचा, पहिला खेळ तिथे. केरबा गेला आणि नव्या ड्रायव्हरला ट्रक त्या घाटात काही चढवता आला नाही. म्हसोबाच्या वळणावर येऊन ट्रक मरायचा. केरबाने गाडीची ताकद आपल्याबरोबर नेली, असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो. मालकांनी सातेरी सोडली आणि आम्ही सपाटीवरची गावं धरली.

महिपतीने ट्रक परड्यातून काढून नवरीसारखा सजवला होता. आदल्या दिवशी घाटात नेला, तर पुन्हा म्हसोबाच्या वळणावरच अडकला. म्हणून तो वस्तादांकडे आला होता, कितीतरी वर्षांनी आणि नाइलाजाने.

"तुम्ही इकडं तरी या. बॉनेटखाली बघा," तो म्हणाला.

वस्तादांनी बशी खाली ठेवली, धोतराच्या सोग्याने मिशी पुसली आणि येऊन उभे राहिले.

महिपतीने कार्बोरेटरच्या बाजूची पट्टी बोटाने ढकलली. आतली झडप पूर्ण उघडली. गज सरळ खाली गेला, गिअरबॉक्सवरचा दांडा शेवटपर्यंत हलला.

"बघा. झडप सगळी उघडतेय. गज पोचतोय. तरी घाटात ढुशी न्हाई. म्हंजे आजार गिअरबॉक्सात हाय. खोलावा लागणार."

"खोल की."

"खोलला तर पुन्हा बसायचा न्हाई, वस्ताद. त्याचं सामान हितं कुठं मिळायचं?"

"मग नको खोलू."

महिपतीच्या कपाळावरची शीर टरारली. वस्तादांनी वाकून त्याच्या बोटाकडे बघितलं.

"घाटात हितं कोण हुबं ऱ्हानार?"

"आं?"

"ह्ये बोट. घाटात ह्ये हितंच असनार का?"

महिपतीने बोट काढून घेतलं.

"थट्टा करू नका. मी लहान न्हाई आता."

"पायडलला हात लावलास का, येवढंच इचारलं मी."

इथे वस्तादांच्या गॅरेजची रीत सांगायला हवी. गाडी कसलीही येवो, बॉनेट उघडण्याआधी शिकाऊ माणसाने ड्रायव्हरच्या दाराशी वाकून एक्सलेटरच्या पायडलला हात लावायचा. आमच्यातली मुलं तोच हात कपाळाला लावायची, वस्तादांच्यातली मुसलमान मुलं छातीला. वस्ताद स्वतः हात कुठेच लावायचे नाहीत. ते नुसते वाकायचे आणि हात बराच वेळ तिथेच ठेवायचे. आम्ही समजायचो, म्हाताऱ्याची भक्ती दांडगी आहे.

कोल्हापूरला गेल्यावर महिपतीने ही रीत सोडली. त्याच्या गॅरेजात भिंतीवर घड्याळासारखी यंत्रं टांगली होती, तिथे असल्या गोष्टींना जागा नव्हती. वस्तादांना सोडून निघाला त्या दिवशी त्याने पाय धरले, तर ते एवढंच म्हणाले होते, पायडलला हात लावत जा. शाबासकी नाही, आशीर्वाद नाही. पोराला सांगावं तसं सांगितलं म्हणून तो जो रुसला, तो परत या फाट्यावर फिरकला नव्हता.

"दमानं घे रं," हिराक्का त्याला म्हणाल्या. "च्या पी. पोरगं काय करतंय तुझं?"

"साळंत जातंय. पन लक्ष सगळं गाड्यांत. सांगून सांगून तोंड दुखलं माझं. ऐकंल तर शपथ."

"तू कुठं ऐकत हुतास?"

महिपती त्याही परिस्थितीत हसला. हसला की तो अजून आमचा जुना पोरगा दिसायचा.

"आबा कुठं बोलायचे मला? तुम्हास्नी ठावं न्हाई, हिराक्का. दुपारी तंबूत सगळी घोरत पडायची, आन् मी हळूच ट्रक काढायचो. माळावर न्यायचो. असा दाबायचो, असा दाबायचो... मागनं धुराळा नुसता. परत आणून जिथल्या तिथं लावायचो. आबांना शेवटपातुर कळलं न्हाई."

"काय सांगतोस!" मी म्हणालो.

"खरंच. आबांचं ध्यान कुठं असायचं माझ्याकडं? तंबू, रस्ता आन् बिडी. मी जलमलोय हे तरी ठावं हुतं का न्हाई, कुणास ठाऊक."

हे तो हसतच म्हणाला, पण हसू पुरलं नाही.

"मग सोडलंस कसं?" हिराक्कांनी विचारलं.

"सोडलं कुठं? ट्रकानंच सोडलं. एका उन्हाळ्यात एकाएकी पिकप गेला त्याचा. किती बी दाबा, आपला बैलासारखा चालतोय. मी येडा झालो. कुठं गेला ह्याचा पिकप, म्हनून बॉनेट उघडाय लागलो. काय समजंना. म्हनून तर ह्या वस्तादांच्या दारात येऊन बसलो. ट्रकाचा पिकप शोधता शोधता मिस्त्री झालो, आन् पिकप काय गावला न्हाई."

वस्ताद त्याच्याकडे बघत होते. मोतीबिंदूच्या डोळ्यांनी त्यांना काय दिसत होतं कोण जाणे.

"बस," ते म्हणाले.

"कुठं?"

"बापाच्या जागंवर."

महिपती कुरकुरत ड्रायव्हरच्या सीटवर चढला. वस्ताद परत कार्बोरेटरशी गेले आणि झडपेच्या पट्टीवर आपलं बोट ठेवलं.

"दाब."

त्याने दाबलं.

"सगळं दाब."

"सगळंच दाबलंय. तळाला लागलंय."

"हितं न्हाई लागलं."

महिपतीने खिडकीतून मान बाहेर काढली.

"काय म्हनता?"

"झडप अर्धी उघडी हाय. पुढं येत न्हाई. दाब."

"आवो, पाय जमिनीला टेकलाय माझा!"

"मग जमीन खोटी हाय."

हे ऐकून महिपती सीटवरून खाली उतरला. रागावला होता की घाबरला होता, सांगता यायचं नाही. दाराशी वाकून त्याने पायडलला वरून हात टेकला आणि सवयीने कपाळाला लावला. इतक्या वर्षांनी.

"झालं. लावला हात. आता?"

"वरनं न्हवं," वस्ताद म्हणाले. "खालनं."

पायडलच्या खाली केरबाने घातलेलं काथ्याचं पायपुसणं होतं, एका बाजूने खिळे मारून पक्कं केलेलं. त्यावर ग्रीस आणि मातीचा थर इतका बसला होता की ते ट्रकाच्या पत्र्याचाच भाग वाटावं. महिपतीने त्याच्या कडेतून बोटं आत घातली. मनगटापर्यंत हात गेला.

आणि थांबला.

"काय हाय?" हिराक्कांनी विचारलं.

तो आत काहीतरी चाचपत होता. मग त्याने एकदाच हलकेच ओढलं आणि हात बाहेर काढला. हातात सुतळीचा तुकडा होता, आणि सुतळीला बांधलेलं जाड, काळं काहीतरी.

त्याने ते बाहीने पुसलं. चामडं होतं. एकावर एक थर, कडेने वादीची शिवण, मागून गोल कापलेलं.

कोल्हापुरी चपलेची टाच होती ती.

माझ्या तोंडून एकदम निघून गेलं, "शेळीनं खाल्ली..."

तुम्हाला सांगायचं राहिलं. केरबाच्या उजव्या चपलेला टाच नव्हती. डाव्या चपलेला होती, उजवीला नाही. त्यामुळे तो चालला की एक पाय वाजायचा आणि दुसरा फसकन बसायचा. अंधारातही कळायचं, केरबा आला. आम्ही सगळे त्याला छळायचो, केरबा, टाच कुठं गेली रे? तो बिडीचा झुरका मारून म्हणायचा, शेळीनं खाल्ली. मालकांनी नवा जोड देऊ केला, तर म्हणाला, हा झिजू द्या की. कंजूष म्हणून आम्ही त्याची नक्कल करायचो. नक्कल मीच चांगली करायचो. आणि तोच जोड पायांत असताना तो गेला.

हिराक्कांनी पदर तोंडाला लावला.

महिपती ती टाच उलटीसुलटी करून बघत होता. गाठीकडे बघितलं. तंबूची गाठ होती ती, केरबाचीच. वारा सुटला की एका ओढीत दोर मोकळा व्हावा, म्हणून तो अशी गाठ मारायचा. आम्हाला कुणाला कधी साधली नाही.

आणि मग मला घाट आठवला.

घाटाच्या पायथ्याला केरबा ट्रक थांबवायचा. सगळ्यांना खाली उतरवायचा. स्वतः दाराशी वाकून कितीतरी वेळ पायडलशी डोकं घालून असायचा. आम्ही म्हणायचो, वस्तादांच्या गॅरेजची रीत यानेही उचलली. मी तर टोपी काढून उभा राहायचो. मग तो वर चढून बसायचा आणि ट्रक म्हसोबाच्या वळणावर अशी ढुशी मारायचा की हौद्यातली भांडी वाजायची. घाट संपला की पुन्हा थांबायचा, पुन्हा वाकायचा. आम्ही म्हणायचो, काय श्रद्धा आहे!

चढायच्या आधी तो ही टाच काढत होता, आणि वर गेल्यावर परत बांधत होता.

मी हे सगळं बोलून दाखवलं. महिपतीने ऐकलं. तो ट्रकाच्या पायरीवर बसला होता, टाच मुठीत धरून.

"वस्ताद... तुम्हाला ठावं हुतं?"

"न्हाई."

"खरं सांगा."

वस्तादांनी बाकड्याकडे परत जाऊन बशी उचलली. चहा गार झाला होता, तरी प्यायले.

"केरबा एकदा आला हुता. म्हनला, पोरगं माळावर ट्रक उडवतंय. दोन शेरडं थोडक्यात वाचली. मी म्हनलो, ओरड की त्याला. तर म्हनला, तोंडानं सांगितल्यालं त्याला ऐकू येत न्हाई."

"मग?"

"मग बिडी वढली आन् गेला."

"मला वाटायचं..." महिपती म्हणाला आणि टाचेवरून अंगठा फिरवत राहिला.

रस्त्यावरून उसाची एक गाडी गेली. बैलांच्या घुंगरांचा आवाज लांबपर्यंत येत राहिला. मला माझे ते दिवस आठवले आणि फार वाईट वाटलं. आम्ही दुपारी घोरत पडायचो ना, त्या वेळी केरबा जागा असायचा. डोळे मिटून पडलेला, आणि मुलाने ट्रक सुरू केला की ऐकत असायचा. परत येऊन इंजिन बंद होईपर्यंत तो माणूस कसा पडून राहत असेल?

"ऊठ," वस्ताद म्हणाले. "ऊन उतरायच्या आत घाट गाठायचा हाय."

महिपती उठला. डोळे पुसले आणि लगेच गजाच्या नटाला पाना लावायला गेला.

"ते मागनं. आदी कार्बोरेटर. आता पायडल खरं झालंय, सगळं नव्यानं लावावं लागंल."

"गज लावतो की आदी, वेळ वाचंल."

"गज आदी पोचला तर झडपंचं शेवटचं उघडनं अडवंल. आदी तिचं पोट भरू दे. मग ढुशी."

मग काम झालं. मला सीटवर बसवलं. पहिल्यांदाच त्या जागेवर बसलो. वस्ताद "दाब" म्हणाले की मी पायडल पार पत्र्यापर्यंत न्यायचो. महिपतीने आधी पायडलकडून येणारा दांडा जुळवला, झडप सगळी उघडेपर्यंत. मग किकडाऊनचा गज सैल केला, पुन्हा आवळला, परत सैल केला. गिअरबॉक्सचा दांडा शेवटाला टेकला तरी झडपेला नखाएवढी मोकळीक राहील, असा तो वस्तादांनी लावून घेतला. ती मोकळीक वस्ताद डोळ्यांनी बघत नव्हते. नख घालून बघत होते.

प्रत्येक वेळी पाना लावण्याआधी महिपती दाराशी येऊन वाकायचा आणि माझ्या पायाखाली हात घालून बघायचा. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

ट्रक निघाला. हिराक्का मधे बसल्या, वस्ताद खिडकीशी. मी मागे हौद्यात, माझ्या जुन्या जागी, केबिनच्या मागच्या जाळीला तोंड लावून. निघण्याआधी महिपतीने उजवा बूट काढून वस्तादांच्या पायाशी ठेवला. केरबाही उजवी चप्पल काढूनच चालवायचा.

घाटाच्या पायथ्याशी त्याने ट्रक थांबवला. थांबायचं काही कारण नव्हतं. टाच तर त्याच्या खिशात होती. तरी खाली उतरला, दाराशी वाकला आणि आत हात घालून तसाच राहिला. मी टोपी काढली. या वेळी मला ठाऊक होतं की तिथे काही नाही, आणि तरी काढली.

पहिली वळणं ट्रकाने सहज घेतली. मग चढ उभा झाला. इंजिनाचा आवाज जड झाला. डाव्या हाताला दरी, उजवीकडे करवंदीच्या जाळ्या, सगळं तेच. म्हसोबाचा शेंदरी दगड पुढे दिसला.

ट्रक दमला.

"दाब," हिराक्का म्हणाल्या.

मी जाळीतून बघत होतो. महिपतीचा पाय खाली गेला. टाचेमुळे आजवर जिथे थांबायचा तिथे क्षणभर थांबलाच तो, सवयीने. मग त्याच्याही खाली गेला.

काही झालं नाही.

ट्रक आणखी मंदावला. म्हसोबाचा दगड बाजूला आला आणि तिथेच राहिला. मला भंगारवाल्याचं तोंड दिसायला लागलं. हिराक्कांनी डोळे मिटले. वस्ताद खिडकीबाहेर करवंदं बघत बसले होते, स्वतःच्या लग्नाच्या वऱ्हाडात बसावं तसे.

"वस्ताद..." महिपतीचा आवाज चिरकला.

"पाय उचलू नको."

आणि ढुशी बसली!

असा गचका बसला की मी हौद्यात उताणा पडलो. इंजिन ओरडलं, माझ्या तरुणपणीच्या घशासारखं. ट्रकाने नाक वर केलं आणि म्हसोबाला मागे टाकून तो वर चढत सुटला. मी उताणाच होतो, वर नुसतं आभाळ होतं आणि मी ओरडत होतो, आज रात्री या हो, बायकांना बसायची सोय वेगळी आहे! कुणाला ओरडत होतो, देव जाणे. रडतही होतो, ते सांगायला लाज कसली?

वर सातेरीच्या पाराशी ट्रक थांबला. जत्रा नव्हती, माणूस नव्हतं. जिथे आमचा तंबू लागायचा तिथे गवत गुडघ्याएवढं वाढलं होतं. हिराक्का त्या गवतात जरा वेळ उभ्या राहिल्या. मग देवीसमोर नारळ फोडला, खोबऱ्याचा पहिला तुकडा ट्रकाच्या बॉनेटवर ठेवला आणि महिपतीकडे वळून म्हणाल्या,

"ने बाबा. केरबाचाच हाय त्यो."

महिपती सीटवरून उतरला नव्हता. खिशातली टाच काढून त्याने मांडीवर ठेवली होती. वस्ताद शेजारी बसून होते.

"मला वाटायचं, आबांना मी दिसतच न्हाई," तो म्हणाला. "आन् ह्यो मानूस आयुष्यभर एका चपलेनं लंगडत फिरला. तोंडानं एक शबुद बोलला न्हाई. का वो, वस्ताद?"

वारा गवतातून आला आणि उघड्या दारातून केबिनमध्ये शिरला.

"तुझ्या पोराचा पाय पोचतो का रं पायडलला?" वस्तादांनी विचारलं.

महिपतीने मान वर केली.

"पोचतोय आता. परवाच मी नसताना गिऱ्हाइकाची जीप काढली म्हनं त्यानं. रंकाळ्यापातुर नेली. मी अजून काय बोललो न्हाई त्याला..."

वस्तादांनी पायाशी पडलेला महिपतीचा बूट उचलला. उलटा केला. डोळ्यांजवळ नेला, मग बघायचं सोडून दिलं आणि टाचेवर अंगठा दाबून बघितलं.

"बूट चांगला घेतलायस," ते म्हणाले. "टाच जाड हाय."